बोंबील सुकेपर्यंत

हात खाली करा हो… खाली करा, दुखतील. असा फोन डोक्यावर धरून नेट येत असतं तर आमच्या गावात आतापर्यंत सगळ्यांचे हात वरच राहिले असते. गेल्या आठवड्यात ती तानी, आमची शेजारीन, अर्धा तास इथं खुर्चीवर चढून उभी होती, पायाला मुंग्या आल्या तिच्या, नेट नाय आलं. नाय येनार. आज नाय, उद्या नाय… परवा दुपारी या, ऊन कडक पडलं तर. असं काय बगता माज्याकडं? म्हातारा काय बडबडतोय म्हनून? बरोबर हाय तुमचं. मी शाळेत गेलो ते फक्त मत द्यायला. पन ह्या खांबाची खोड मला जेवडी ठाऊक हाय तेवडी बोयसरच्या हापिसातल्या सायबाला पन ठाऊक नाय. पन मला कोन इचारतो?

बसा. ती टोपली उलटी करा नि बसा तिच्यावर. वास येईल थोडा, त्याला इलाज नाय. तुमी लांबनं आलाव, बाजूच्या पाड्यावरनं, इकडं नेट फुकट मिळतं ऐकून. मिळतं ना! मिळत नाय असं मी कुठं म्हटलं? कदी मिळतं ते सांगतो. सावकास सांगतो, मला घाई जमत नाय. जन्मभर दर्यात डोलीचं जाळं लावून भरतीची वाट बगत बसलेला मानूस मी, मला घाई कशी जमंल?

तर तुमाला सांगतो, आमची एकच पोरगी. हिना. नर्स झाली, लगीन झालं, नि तीन वर्सांमागं नवऱ्यासंगती मस्कतला गेली. म्हंजे ह्याच दर्याच्या पलीकडं. मी तिला जाताना म्हटलं पन, समोरच तर हाय, मधी फक्त पानी. पन ते फक्त पानी म्हंजे किती पानी ते मला तिच्यापेक्षा जास्त ठाऊक ना… असो. आता फोन करायचा तर आमच्या गावात रेंज कुठं? त्या तिकडं, खाजनाच्या, त्या खाऱ्या चिखलाच्या पुढं काळा खडक दिसतो ना, त्याच्यावर. ते पन ओहोटीला. म्हंजे आमची साखरबाय, माजी बायको, तिथी बगून पोरीला फोन करायची. चतुर्थीला सकाळी, अष्टमीला दुपारी. लुगडं गुडग्यापर्यंत खोचून खडकावर जायची नि इथं ओट्यापर्यंत ऐकू येईल अशी वरडायची, “हिना! जेवलीस का गो?” नि बोलनं रंगात आलं की पायाला पानी लागायचं. “चल ठेवते, भरती आली!” तिकडं मस्कतला हिनाच्या हॉस्पिटलात सगळ्या नर्सांना भरतीचं टायमिंग पाठ झालं होतं म्हनतात.

आनि मी? माजे गुडगे त्या खडकावर चढत नाय. मी इथंच बसायचो, ह्याच जागी. ती परत आली की इचारायचो, काय म्हनाली? ती म्हनायची, “तुजं इचारलंन. मी सांगितलं, बापूस बरा हाय.” आता बगा! मी बरा हाय का नाय हे मला इचारलं का हिनं? एकदा तर मी तापानं फनफनत होतो, गोदडीत. तरी बापूस बराच! तीन वर्सं. तीन वर्सं मी मस्कतला बराच हाय. मला कोन इचारतो?

एक दिवस मेहुल आला. मेहुल म्हंजे माज्या भावाचा पोरगा, पंचायतीचा मेंबर. त्याच्यासंगती एक साहेब, विक्रम म्हनून, सातारकडचा, बोयसरला राहतो. पाठीवर ही एवडी पिशवी. दोगं आले नि माज्या घराच्या भोवती फिरायला लागले, वर बगतात, खाली बगतात, बोयसरच्या दिशेला हात करतात. मी इथंच बसलोय. माज्या डोक्यावरनं बोलतायत.

“मेंबर, ही जागा एक नंबर आहे. उंच आहे, समोर काही आड नाही. खांब इथंच.”

“मग इथंच! आपलंच घर हाय.”

आपलंच! बरं, मी काय नाय म्हननार नव्हतो, पन एकदा इचारा ना. ओट्यावर बसलेला मानूस म्हंजे काय कुंडी हाय? साखरबायनं च्या दिला, दोगांनी पिला, नि शेवटाला मेहुल माज्याजवळ वाकून, बहिऱ्याशी बोलतात तसा, “दामूकाका! आता नेट येनार! हिनाताई रोज दिसंल! टीवीसारखी! तुमी इथं बसायचं नि ती तिथं बसनार, समोरासमोर!”

मी बहिरा नाय. पन ते ‘समोरासमोर’ ऐकलं नि मी काय केलं सांगू? मी माजे पाय उचलले, ओट्यावर घेतले नि म्हटलं, हितंच खना.

कारन माजी एकच इच्छा होती बगा. पोरीशी एकदा मला स्वतः बोलायचं होतं. साखरबायच्या तोंडातनं नाय, माज्या तोंडातनं. ती इचारंल, मी सांगीन. बस. काय लई मोठं मागत होतो का?

तर खांब आला. लोखंडी, घरापेक्षा दुप्पट उंच. वर एक थाळी बसवली, जेवायच्या थाळीएवडी, तोंड बोयसरकडं. त्या विक्रम सायबानं मेहुलला समजावलं, मी ऐकत होतो, कान हायत ना. “हे बघा मेंबर, बोईसरच्या आपल्या टॉवरवरनं नेट सुटतं, हवेतनं, नि ह्या थाळीत येतं. वायर नाही, काय नाही. इथनं मग सगळ्या गावात वाटायचं. फक्त एक, त्या टॉवरला ही थाळी दिसली पाहिजे आणि थाळीला टॉवर. सरळ रेषेत. मधे काय आडवं आलं की संपलं.”

मेहुल मान हलवत होता, त्याला काय कळलं नाय. मला कळलं! अहो, खाडीत होडी आनायची तर आमी दुसरं काय करतो? देवळाचं शिखर नि मागचा ताड, दोन खुना एका रेषेत धरायच्या नि यायचं. खूण झाकली गेली की होडी खडकावर. मी म्हटलं पन, “हे आमच्या खुनांसारखं हाय.” साहेब म्हनाला, “हो हो काका, तुम्ही सावलीत बसा.” मी सावलीतच होतो.

नारळ फोडला खांबाला. हार घातला. तानीनं हळद-कुंकू लावलं. नि दुसऱ्या दिवशी नेट आलं बगा… काय सांगू! सगळ्या गावाच्या फोनात एकदम टिंग टिंग टिंग टिंग, आरतीच्या घंटा झाल्यासारखं. साखरबायनं हिनाला लावला, हिना दिसली, साखरबाय फोन दोनी हातात धरून नुसती रडते, पोरगी तिकडं रडते, बोलत कोनच नाय. मला दिसला फक्त साखरबायच्या कानाचा मागचा भाग. म्हटलं असू दे, पहिला दिवस हाय. आपला उद्या.

आता इथं माजी चूक सांगतो. लपवत नाय. माज्याच हातानं झाली.

तुमी बगा, चाळीस वर्सं मी होडीवर. नि माज्या अंगनात, माज्या डोळ्यासमोर, ही एवडी उंच सरळ काठी उभी! डोलकाठीच ती! नि नागडी! ना दोर, ना कप्पी, ना बावटा. खलाशी मानसाला नागडी काठी बगवत नाय हो, हात शिवशिवतात. मी शिडी लावली, ते शिडीवर गुडगे कसे चालले नि खडकावर कसे चालत नाय ते मला इचारू नका, साखरबायनं इचारून झालंय, नि वर एक कप्पी बांधली. तिच्यातनं दोर घातला, दोराचं दुसरं टोक समोरच्या माडाला. म्हटलं नारळी पुनवेला बावटा चढवू. झक्क दिसंल.

पन पुनव गेली, पाऊस सरला, साखरबायच्या हातातनं फोन काय सुटला नाय, माजा ‘उद्या’ राहिलाच, नि बोंबलाचा सिझन आला. आमची बोंबील सुकवायची वलांडी, ती बांबूंची असते, आडवे बांबू, दोर, ती खाली रेतीवर. तिथं कुत्री, कावळे, मांजरी. नि साखरबायची नजर गेली वर. “हिनाच्या बापूस, ह्या दोरावर वारा चांगला लागतो रे.” मी म्हटलं, हो, वारा तर लागतोच. “कुत्रं पोचायचं नाय.” म्हटलं, कुत्रं कसं पोचंल? झालं! दोन बोंबील घ्यायचे, एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवायचा नि जोडी दोरावर टाकायची. अशा जोड्या, जोड्या, जोड्या, सगळा दोर भरला, नि कप्पीवरनं खेचला वर. कुरकुर कुरकुर करत माळ गेली वर, माडापासनं थाळीच्या नाकासमोर. पांढरीशुभ्र, पानी ठिबकतंय. तुमाला सांगतो, दिसायला फार सुरेख दिसत होतं. मीच म्हटलं, “साखर, तोरन बांधल्यासारखं वाटतंय.”

नि दुपारी नेट गेलं.

सगळं गाव माज्या अंगनात! “नेट गेलं, नेट गेलं!” मेहुल खडकावर जाऊन फोनात वरडतोय, “साहेब, या लवकर!” विक्रम साहेब आला फटफटीवर, धुळीनं माखलेला. म्हनाला खांबावर चढतो. साखरबाय मधी उभी राहिली, “थांब बाबा! बूट लावशील माज्या मासळीला!” नि तिनं दोर सोडला, माळ खाली घेतली, टोपलीत ठेवली, वर ओला फडका टाकला. साहेब चढला, यंत्र लावलं… “अहो, चालू आहे की! फुल्ल सिग्नल आहे!” नि खाली टिंग टिंग टिंग. साहेब उतरला, च्या पिला, गेला. साखरबायनं माळ चढवली. नेट गेलं.

परत फोन. परत साहेब. परत “थांब, बूट लावशील!” परत माळ खाली, साहेब वर, “चालू आहे की हो!” परत च्या. पाच वेळा! पाच वेळा झालं हे! त्या बिचाऱ्यानं डबी बदलली, वायर बदलली, थाळी बदलली, खाऱ्या वाऱ्यानं होत असंल म्हनून काहीतरी काळं फासलं. त्याच्याबरोबर वर चढनारा तो बिहारकडचा, तो मला म्हनतो, “चाचा, ये घिरनी किसलिए लगाया?” मी म्हटलं, “झंडा, झंडा.” खोटं नव्हतं ते. बावट्यासाठीच लावली होती.

इकडं गावानं वेगळाच अर्थ काढला. गाव म्हनालं, हा विक्रम साहेब आला की नेट येतं, गेला की जातं. म्हंजे नेट खांबात नाय, त्याच्या पिशवीत हाय! मग काय इचारता! साहेब आला की त्याला सोडायलाच कोन तयार नाय. “साहेब, जेवून जा.” “साहेब, अजून एक पापलेट.” तो माळकरी घरातला हो, त्याला सुरमई नि शिंगाळा सारखेच! लाजत लाजत खायला लागला, मग बिनलाजता. तानी तर मला म्हनाली, “दामूभाव, ह्याला गावातलीच पोरगी देऊन टाका, म्हंजे नेट कायमचं राहील.” नि दोन घरांनी खरंच पत्रिका मागितली त्याची!

मी हे सगळं बगतोय. इथं बसून. मला दुसरं काम काय? दर्याकडं बगायचं, खांबाकडं बगायचं. नि मला दिसायला लागलं. सोमवारी माळ चढली, नेट गेलं. मंगळवारी नाय. बुधवारी दुपारपर्यंत नाय. नि बुधवारी दुपारनंतर, साहेब नाय, कोन नाय, आपोआप टिंग टिंग टिंग. मी वर बगितलं. बोंबील सुकले होते. वाऱ्यावर कागदासारखे वाजत होते. शुक्रवारी नवी माळ. नेट गेलं. रविवारी सुकले. आलं. म्हटलं हे तर उधान-भांगासारखं, मोठ्या-लहान भरतीसारखं हाय, ह्याला पन नेम हाय! अहो, ओला बोंबील म्हंजे काय? नुसतं पानी! त्याला हाड नाय, मास नाय, तव्यावर टाकला तर आटून बोटाएवडा होतो. नि एवडी पान्याची भिंत त्या थाळीच्या तोंडासमोर! खूण झाकली गेली! साहेब स्वतः बोलला होता ना, मधी आडवं आलं की संपलं!

मी साखरबायला सांगितलं. ती मासळी निवडत होती, वर पन बगितलं नाय. “तीस वर्सं मी बोंबील घालते. कदी कुनाचं काय अडलं नाय. नेट कालचं.” मेहुलला सांगितलं. तो म्हनाला, “काका, तुमी नका डोकं चालवू, त्याला इंजिनेर हाय.” इंजिनेरला सांगितलं, तो भात कालवत होता. म्हटलं, साहेब, ते बोंबील… तो म्हनतो, “हो काका, फार चवीला आहेत!” नि सगळे हसले. मी पन हसलो. काय करनार?

बरं, तुमी म्हनाल, तूच दोर उतरवायचा. बांधलास तू, सोड तू. तुमाला बायको हाय का? हाय ना? मग असं कसं बोलता?

नि तशात हिना बाळंत झाली. मुलगी. साखरबायला खडकावर कळलं, पान्यात उभी राहून नाचली म्हनतात. पाचवी आली मंगळवारी, म्हंजे काल. आता आमच्यात पाचवीला कोरा कागद नि पेन ठेवतात, सटवी येते नि पोरीच्या कपाळावर नशीब लिहिते. सटवीला काय रेंज लागत नाय, ती मस्कतला पन पोचते. पन आजीला लागते! आजीनं मीठ-मिरच्या ओवाळून दृष्ट काढायची असते. हिना म्हनाली होती, “आई, दुपारी बाराला फोन लावते, तू फोनवरनं काड दृष्ट.” सगळं ठरलं. बाया जमल्या नव्या साड्या नेसून. ओटा सारवला, रांगोळी काढली, पाटावर फोन ठेवला, फोनाला हळद-कुंकू. मीठ, मिरच्या, मोहऱ्या मुठीत घेऊन साखरबाय पाटासमोर बसली. मी मागं, भिंतीला टेकून. दाढी केलेली. पांढरा सदरा. कोनाचं लक्ष नाय.

बारा वाजले. फोन गप्प.

सव्वाबारा. गप्प. मेहुल फोन हलवतोय, “गेलंय काकी. नेट गेलंय.” साहेबाला लावायला एक पोऱ्या सायकलवर पळाला खडकाकडं. तिकडनं निरोप, साहेब मासवनला दुसऱ्या कामावर हाय, संध्याकाळशिवाय येत नाय. बाया हळू आवाजात बोलायला लागल्या. कोन म्हनतं नारळ नासका निघाला होता त्या दिवशी. कोन म्हनतं आत्ताच त्याला जावई करून घ्यायला पायजे होता. नि साखरबाय… तुमाला सांगतो, ही बाई दर्यात होडी उलटली त्या वर्सी पन रडली नव्हती. काल मुठीतलं मीठ घामानं ओलं झालं तरी मूठ सोडत नव्हती. “पोरीची दृष्ट राहिली,” एवडंच म्हनत होती. “माज्या पोरीच्या पोरीची दृष्ट राहिली.”

मी वर बगितलं. माळ. सकाळीच चढवलेली. ताजी, पांढरी, पानी ठिबकतंय.

मी उठलो. मी उठलोय हे पन कोनाच्या ध्यानात आलं नाय. खांबाजवळ गेलो नि दोराची गाठ सोडली. माळ आली खाली, सरसर, अर्धी रेतीवर पडली. “हिनाच्या बापूस! अरे मासळी!” साखरबाय वरडली नि तेवड्यात… टिंग. टिंग टिंग टिंग टिंग! नि पाटावरचा फोन वाजला.

सगळ्या बाया एकदा फोनाकडं, एकदा बोंबलाकडं, एकदा माज्याकडं. मेहुल तोंड उघडं टाकून उभा. मी म्हटलं, “घ्या ना, वाजतोय.”

मग काय! हिना, नि तिच्या मांडीवर ती, लाल, मुठी आवळलेली. साखरबायनं फोनाभवती मीठ-मिरच्या ओवाळल्या सात वेळा, चुलीत टाकल्या, ठसका बसला तो इथल्या सगळ्या बायांना, मस्कतला पन कोनतरी शिंकलं म्हनतात. “लई लागली होती दृष्ट!” तानी म्हनाली. मग प्रत्येक बाय फोनासमोर. “नाक आजीवर गेलंय.” “छे, नाक बापावर हाय.” “हिना, बाळंतकाढा घेतेस ना गो?” “हिना, तिकडं सुकट मिळते का?” साखरबायनं एक ओला बोंबील उचलून फोनासमोर धरला, “हे बग, ह्याच्यासाठी तुजी दृष्ट अडली होती!” नि हिना पोटभर हसली.

मी मागं. भिंतीला. म्हटलं होऊ दे सगळ्यांचं. आपन शेवटाला, सावकास. नि मग हिनाचा आवाज आला, “बाबा कुठं हाय? बाबाला द्या ना.”

फोन हातोहात मागं आला. माज्या हातात. एवडासा. नि त्यात हिना. तीन वर्सांनी. डोळ्याखाली काळं आलेलं, केस बांधलेले, माज्या आईसारखी दिसायला लागलीय… ती जरा पुढं वाकली नि म्हनाली,

“बाबा, तू कसा हायस?”

इचारलं! कोनीतरी इचारलं! मला!

आता मला काय एक सांगायचं होतं का? गुडगा सांगायचा होता. होडी अजून इकली नाय, तशीच वर ओढून ठेवलीय, ते सांगायचं होतं. तुजी सायकल पडवीत हाय, चाकात हवा भरतो मी दर महिन्याला, ते. नि तो ताप, तो पन सांगायचा होता. मी घसा साफ केला. शब्द जुळवायला लागलो. मी सावकास मानूस…

नि मागनं आवाज आला. कुरकुर. कुरकुर. कुरकुर. ती कप्पी माज्याच हातची, तेल घालायचं राहिलंय, तिचा आवाज मी झोपेत पन ओळखीन.

फोनात हिना तशीच. तोंड उघडं, मान वाकडी, डोळे माज्यावर. हलेना. मी तिला म्हटलं, “बरा हाय.” ती तशीच. मग फोन काळा झाला, नि त्यात मीच दिसायला लागलो. दाढी केलेला.

मी वळून बगितलं. साखरबाय दोर खेचत होती. रेतीत पडलेला एकेक बोंबील धुतलान होता, परत जबड्यात जबडा अडकवून. “झालं ना सगळ्यांचं बोलून?” म्हनाली. “मासळी नासत होती.”

आता सगळ्या गावाला कळलंय बरं. विक्रम सायबानं फोनवर कपाळावर हात मारला तो मेहुलला ऐकू आला. बोंबलासाठी वेगळा खांब देतो म्हनाला, पुढच्या महिन्यात. तोपर्यंत काय करायचं, ह्याच्यावर काल संध्याकाळी इथं बैठक झाली. नेट का बोंबील? हात वर करा. सगळ्या बायांचे हात बोंबलाला, पुरुषांनी आपापल्या बायकोकडं बगितलं नि ते पन बोंबलाला. ठरलं, माळ सुकेपर्यंत नेट बंद. बैठक माज्याच ओट्यावर. मी मधीच बसलेलो. मला कोन इचारतो?

मी दोर परत सोडला नाय. ओला बोंबील मऊ, दोनदा उतरवला तर जबडे फाटतात. नि तिनं गाठ सैल मारली होती, घाईत. मी उठलो नि नीट मारून दिली.

म्हनून म्हनतो, हात खाली करा. परत धुतलेले बोंबील, एक दिवस जास्त लागंल; परवा दुपारी सुकतील, तेव्हा या, तुमचं पन होईल. फक्त आधी मी. पोरीनं इचारलंय, उत्तर द्यायचं राहिलंय, नि मला बोलायला जरा वेळ लागतो… काय गो साखर? काय म्हनतेस? नवी टोपली? कदी?

परवा सकाळी.

बरं, बरं. चढव.